दुसरी शालन

समाजमंदिरात पंखे फिरत होते, पडद्यावर माझा चेहरा होता आणि माझ्याच आवाजात कुणीतरी माझं पाणी देऊन टाकत होतं.

"काही हरकत नाही," पडद्यावरची बाई म्हणाली. बोलायच्या आधी खाकरली, मी खाकरते तशी. "सगळ्यांचं भलं होत असंल तर चालतंय की. आमचं काय, आमचं भागतंय."

मी तिसऱ्या रांगेत बसले होते, हातात चहाचा कागदी कप. शेजारची बाई एकदा पडद्याकडे बघायची, एकदा माझ्याकडे. माझ्या अंगाचा नुसता तिळपापड झाला. मी जिवंत, धडधाकट, चार हातांवर बसलेली, आणि हे लोक माझं मत भिंतीला विचारतायत.

मी शालन नगरे. जातीनं आणि धंद्यानं भोई. कासारडोह धरणाच्या काठावर आमची वस्ती आहे. नवरा गेल्यापासून होडी मीच चालवते, जाळं मीच टाकते. धरणाच्या एका अंगाला, उथळ पाण्यात, आमचं जुनं गावठाण बुडालेलं आहे. पडक्या भिंतींच्या कोनाकोपऱ्यांत मासा अंडी घालतो, आणि तिथला मासा वाढून सगळ्या धरणात पसरतो. ते पाणी गेलं तर आमची जाळी खुंटीला लटकवायची आणि कुठंतरी वॉचमन म्हणून उभं राहायचं, एवढंच उरतं. तरंगता सौर प्रकल्प नेमका त्याच पाण्यावर यायचा होता. उथळ, वारं कमी, बांधायला स्वस्त.

आता ही पडद्यावरची बाई कोण, ते सांगते. माझ्या पोरीनं, तनूनं, मला समजावलं होतं. मला समजलं तेवढं असं.

फोन आता नुसता फोन राहिलेला नाही. त्याच्याजवळ तुम्ही काय बोलता, कुणाशी कसं बोलता, कुठं ताणून धरता, कुठं सोडून देता, हे तो आतल्या आत शिकत असतो. बोलणं बाहेर पाठवत नाही, पण त्यातून तुमच्या स्वभावाचं वळण उचलतो. काही वर्षांत ते वळण इतकं पक्कं होतं की जो प्रश्न तुम्हाला जन्मात कुणी विचारला नाही, त्याचंही उत्तर तो देतो, तुमच्या शब्दांत, तुमच्या आवाजात. सरकारी भाषेत याला मतप्रतिमा म्हणतात. आमच्या वस्तीत म्हणतात दुसरा किंवा दुसरी. नवीन सिम घेताना आपण 'मान्य आहे'वर बोट दाबलेलं असतं, तेवढ्यावर ती तयार होते.

कायद्यात ती आली त्यालाही कारण होतं. पूर्वी सुनावणीला पाच टाळकी जमायची, त्यातली दोन चहासाठी. मग कुणीतरी कोर्टात जायचं, प्रकल्प वर्षानुवर्षं लटकायचा, आणि इकडे उन्हाळे असे तापायला लागले की दुपारी कुत्रंसुद्धा रस्त्यावर दिसेना. म्हणून ठरलं, सगळ्या गावाला विचारायचं, पण गावाच्या प्रतिमांना. चाचणीत म्हणे प्रतिमेचं उत्तर दहातल्या नऊ वेळा माणसाच्या उत्तराशी जुळलं. तेच प्रश्न त्याच माणसांना पंधरा दिवसांनी परत विचारले, तर माणसं स्वतःशीसुद्धा तेवढी जुळली नाहीत. तनूनं हे सांगितलं तेव्हा मी हसले होते.

एक अट मात्र कायद्यानं ठेवली होती. प्रत्येक प्रतिमा घरातल्या जवळच्या माणसानं ऐकायची आणि सांगायचं, होय, हे असंच बोलतात. त्याला ओळख पटवणं म्हणतात. माझी ओळख तनूनं पटवली होती. ती सौर प्रकल्पाच्याच कंपनीत नोकरीला होती, संवाद सहायक म्हणून.

मी कप खाली ठेवला आणि उभी राहिले.

"मॅडम, ती मी नाही."

हरकती ऐकायला जिल्ह्याहून गवारे मॅडम आल्या होत्या. बाई सभ्य होती. तिनं पडदा थांबवला. "ताई, तुम्हाला वेगळं म्हणायचंय का? तो तुमचा हक्क आहे. बोला ना, गावठाणाच्या पाण्यावर प्रकल्प व्हावा की नको?"

आणि माझी दातखीळ बसली.

सगळी भोई मंडळी माझ्याकडे बघत होती. अंकुशनाना, आमच्या मच्छीमार सोसायटीचे चेअरमन, मान हलवून मला खाली बस म्हणत होते. कारण आमच्यात पाण्याचा वाद काठावर करत नाहीत. धरण झालं तेव्हा काठ परक्यांचा झाला. काठावर व्यापारी, काठावर साहेब, काठावर पोलिस. कुणाचं जाळं कुणी कापलं, कुणी कुठं टाकायचं, यावरून काठावर बोलाचाली झाली की ती चौकीत जायची आणि दोन्हीकडचे भोई मार खाऊन यायचे. तेव्हा जुन्या माणसांनी नियम केला. पाण्याविषयी काय बोलायचं ते पाण्यावर. मधोमध जायचं, होड्या एकमेकींना बांधायच्या, आणि मग भांडा हवं तेवढं. तिथं मान नाही, वय नाही, नातं नाही, सगळ्यांना अरेतुरे. काठाला पाय लागला की विषय मिटला. काठावर भोई एकच शब्द बोलतो, चालतंय.

तो नियम मी लग्न होऊन आले तेव्हापासून पाळत होते. अंगात मुरलेला होता. जीभ हलेना.

"त्या काही बोलत नाहीयेत," कंपनीचा चिन्मय म्हणाला. तनूचा साहेब. पोरगा हुशार, गोड बोलणारा. "प्रतिमेचं उत्तर कायम धरूया, मॅडम. आणि आत्ता त्या रागात आहेत. नियमानुसार क्षणिक रागाला वजन कमी आहे."

हे मात्र मला लागलं. "का रे बाबा? माझ्या गप्प बसण्याचं वजन पुरं आणि रागाचं कमी, हे कुठलं मापटं?"

लोक हसले. चिन्मयही हसला. मी मॅडमकडे वळले. पाण्याविषयी बोलता येत नव्हतं, पण जागेविषयी येत होतं. "मॅडम, सुनावणीची नोटीस माझ्याच पोरीनं भोंग्यावरून वाचली. त्यात होतं, सुनावणी प्रकल्पाच्या जागेवर होईल. हे समाजमंदिर तर वेशीच्या आत आहे. जागा कुठाय?"

गवारे मॅडमनी नकाशा उलगडला. बराच वेळ बघत राहिल्या.

"जागा पाण्यात आहे," त्या म्हणाल्या.

"मग तिथं या. तिथं सांगते."

चिन्मय काहीतरी म्हणायला लागला, पण मॅडमनी हात वर केला. सुनावणी मंगळवारवर गेली.

घरी आल्यावर तनूनं चप्पल भिरकावली. "आई, सगळ्यांसमोर मला खोटं पाडलंस तू."

मी चिलापी मासे साफ करत बसले होते. "तू मला खोटी पाडलीस त्याचं काय?"

"मी ती नीट ऐकली होती. परत परत ऐकली. ती तूच होतीस." "सांग ना, तू कधी कुणाला नाही म्हणाली आहेस? व्यापाऱ्यानं भाव पाडला, चालतंय. चुलत्यांनी बांध सरकवला, चालतंय. मी पुण्याला जाते म्हटलं तेव्हा तुझा चेहरा उतरला होता, तरी तोंडानं काय म्हणालीस?"

खरंच होतं. पोरीला मी कधी होडीत पाय ठेवू दिला नाही. शिकावी, कोरड्या पायानं जगावी म्हणून. त्यामुळे तिनं आयुष्यभर काठावरचीच शालन बघितली.

"पुण्यात एकटी पडायचे," ती म्हणाली. "तुला फोन करायचे, तर तू होडीत आणि फोन, भिजू नये म्हणून, काठावर चहावाल्याच्या डब्यात. मग मी तिच्याशी बोलायचे. ही नोकरी घेऊ का विचारलं, ती म्हणाली, घे बाळा, तुला पटतंय ना, मग चालतंय. तू असतीस तर हेच म्हणाली असतीस."

"मी म्हणाले असते, नको घेऊ," मी म्हणाले.

मला तिचा राग आला, माझा राग आला, त्या डबड्याचा तर इतका आला की पाण्यात नेऊन बुडवावंसं वाटलं. माझ्या पोरीनं आईची माया मागितली आणि ती त्या यंत्रानं दिली. वर माझ्या नावावर.

थोड्या वेळानं ती जवळ येऊन बसली, खवले गोळा करायला लागली. "चिन्मय सरांनी एक मार्ग सांगितलाय. सहा महिने सगळ्यांनी फोन होडीत न्यायचे. प्रतिमा पाण्यावरचं बोलणं शिकेल. मग तुमचं म्हणणं तीच मांडेल, तुम्हाला सुनावणीला यायलाच नको."

"म्हणजे काठ गेलाच आहे, आता पाण्यावरचं तोंडही द्यायचं."

"मग दुसरा मार्ग एकच. ओळख पटवणाऱ्यानं ती मागे घ्यायची. म्हणजे मी." ती खाली बघून बोलत होती. "मी चुकले असं लेखी आलं की नोकरी गेली, आई. आणि खरं सांगू, मला अजूनही वाटत नाही मी चुकले."

मी काही मागितलं नाही. पोरीच्या पोटावर पाय देऊन स्वतःचं पाणी वाचवायचं, एवढी मी गेलेली नव्हते. पण हरायलाही बसले नव्हते.

मंगळवारी सकाळी गवारे मॅडम नारिंगी जाकीट घालून काठावर आल्या. चहावाल्याच्या पत्र्याच्या डब्यात आम्ही सगळ्यांनी फोन टाकले. मी डबा मॅडमपुढे धरला.

"नोंद कशी होणार मग?" चिन्मयनं विचारलं.

"हातानं," मॅडम म्हणाल्या आणि फोन डब्यात टाकला. "लिहिता येतं मला अजून."

चिन्मयनं होडीचं हेलकावणं बघितलं आणि काठावरच थांबतो म्हणाला. ओळख पटवणारी व्यक्ती जवळ लागते, म्हणून मॅडमनी तनूला बोलावलं. ती आधी माझ्याकडे बघत राहिली. मग सँडल हातात घेऊन माझ्या होडीत चढली, आणि दोन्ही हातांनी कड घट्ट धरून बसली. मी वल्हं मारायला लागले.

जुन्या गावठाणावर पोचल्यावर होड्या बांधल्या. पाणी उतरलेलं होतं, वल्हं भिंतीला लागत होतं. अंकुशनानांनी टोपी काढून गुडघ्यावर ठेवली. आमच्यात तीच खूण. टोपी उतरली की मान उतरला.

"मी बोलतो आधी," ते म्हणाले. "माझे गुडघे गेलेत. पोरं धंद्यात यायला तयार नाहीत. प्रकल्पाचं भाडं सोसायटीला येणार, घरबसल्या. मी हो म्हणणार."

"अंकुश्या," मी म्हणाले, "तुझे गुडघे गेले म्हणून माझे हात बांधतोस काय रे?"

तनूनं चमकून माझ्याकडे बघितलं. काठावर मी नानांपुढे डोक्यावरचा पदर ढळू देत नाही.

"तू गप गं. तुझी पोर कंपनीत, तुला काय घोर?"

"माझी पोर कंपनीत आहे म्हणून तर मी जास्त बोलणार. उद्या तिची नोकरी गेली तर काय खाणार ती, तुझी टोपी? हे पाणी झाकलंस की मासा गेला. मासा गेला की तुझं भाडं वाटायला भोई उरणार नाही, सगळे चाकणला गेलेले असतील. आणि ते भाडं किती वर्षं देणार, विचारलंस? का नुसती मुंडी हलवून आलास, काठावर हलवतोस तशी?"

"विचारलं होतं."

"काय म्हणाले?"

नाना गुडघ्यावरच्या टोपीशी चाळा करायला लागले. मागच्या होडीतून गणपा ओरडला, की शालन उगाच आरडाओरडा करते, त्याला वीज पाहिजे, बर्फाचा कारखाना काढायचाय. मी त्याच्यावर उलटले. म्हटलं, मुडद्या, वीज मला पण पाहिजे, सूर्याशी माझं काय वाकडं आहे? टाका ना त्या सौर पाट्या धरणाच्या भिंतीकडच्या खोल पाण्यावर, तिथं कोण जाळं टाकतंय? महाग पडतं म्हणे. पडू दे. ज्याला वीज विकायचीय त्यानं सोसावं. आमचंच पाणी तेवढं स्वस्त का? गणपा म्हणाला, खोल पाण्यावर लाटेनं मोडलं तर? मी म्हटलं, ते मला नाही माहीत, ते त्यांनी सांगावं, पण आधी विचारावं तरी. मग गणपाची बायकोच त्याला म्हणाली, बर्फ करशील, पण त्यात ठेवशील काय? सगळ्या होड्या हसल्या, गणपासुद्धा.

असं बराच वेळ चाललं. शिव्या झाल्या, जुनी उणीदुणी निघाली, कुणी कुणाचं जाळं कधी कापलं तेही निघालं. गवारे मॅडम लिहीत होत्या. मधेच थांबून विचारायच्या, हे कोण बोललं, आणि परत लिहायच्या.

शेवटी नाना म्हणाले, "मॅडम, मी आधी हो म्हणालो होतो ना? खोडा ते."

"मग नाही लिहू?"

"नाही पण नका लिहू. माहीत नाही, असं लिहा. भाड्याचं नीट विचारतो, मग सांगतो."

मॅडमनी पेन थांबवलं. "नाना, तुमच्या प्रतिमेनं तीन मिनिटांत हो सांगितलं होतं."

"त्याला गुडघ्याचंच माहीत असेल," नाना म्हणाले. "ते मी रोज काठावर बोलतो."

मग मॅडम माझ्याकडे वळल्या. "शालनताई, तुमचं म्हणणं मी लिहिलंय. पण अडचण सांगते. कायद्यानं तुमची प्रतिमा अजून उभी आहे. तिची इतक्या वर्षांची साक्ष आणि तुमचा आजचा राग, असा सामना झाला तर तीच जिंकते. ती बाद करायची तर ओळख पटवणाऱ्या व्यक्तीनं मागे घ्यावी लागते. मी कुणावर जबरदस्ती करू शकत नाही."

कुणी तनूकडे बघितलं नाही. पाण्यावर आम्ही एकमेकांना काय वाटेल ते बोलतो, पण कुणाच्या लेकराला कोंडीत धरत नाही.

मी म्हणाले, "राहू दे मॅडम. ती पोर आहे. मी दुसरं काहीतरी बघीन, कोर्टात जाईन, होड्या आडव्या लावीन. तिला यात घेऊ नका."

"आई, थांब," तनू म्हणाली.

तिनं होडीची कड सोडली. होडी हलली तशी ती थोडी डगमगली, पण उभी राहिली. रडली होती, नाक लाल झालं होतं.

"मॅडम, मी सव्वीस वर्षं या बाईची पोर आहे. हिचा आवाज ओळखते, खोकला ओळखते, हातची चव ओळखते. म्हणून सही केली." तिनं माझ्याकडे बोट केलं. "पण आत्ता जी नानांना अंकुश्या म्हणाली, ती बाई मी आज पहिल्यांदा बघतेय. हिला मी ओळखत नव्हते. ओळख मागे घेते, लिहा."

पोरीनं भर पाण्यात, सगळ्यांदेखत, आईला ओळखत नव्हते म्हटलं. आणि मला जन्मात एवढं बरं कधी वाटलं नव्हतं.

मॅडमनी तिची सही घेतली. मग स्वतःशीच बोलल्यासारखं म्हणाल्या, की एक प्रतिमा पाण्याबाबत बहिरी असेल तर वस्तीतल्या सगळ्याच असणार, एकाच डब्यात वाढल्यात त्या. त्यांनी खाली लिहिलं, वस्तीतल्या प्रत्येक माणसाला समक्ष विचारल्याशिवाय निर्णय होणार नाही, आणि विचारायचं ते याच जागी. जिंकलो नव्हतो आम्ही. पण आम्हाला विचारावं लागणार होतं.

परत येताना तनूनं वल्हं मागितलं. मी दिलं. तिला एक हात धड मारता येईना, होडी नुसती गोल फिरायला लागली, आणि मी तिला पाण्यावरच्या भाषेत जे बोलायचं ते बोलले. ती हसत होती.

काठावर चिन्मय डबा घेऊनच उभा होता. "काय झालं? काय ठरलं?"

नानांनी टोपी घातली. "चालतंय की साहेब," ते म्हणाले. गणपा म्हणाला, चालतंय. एकेकानं आपापला फोन उचलला आणि मान खाली घालून चालायला लागला, नेहमीसारखा.

मीही फोन उचलला. पाय काठाच्या मातीत होते. 'चालतंय' ओठांवर आलंही होतं. मग तनूकडे बघितलं. ती सँडल हातातच धरून थांबली होती, मी आता काय म्हणते ते ऐकायला.

"नाही चालत," मी म्हणाले.

नाना वळले. "शालन, काठ आहे."

"माहीत आहे, नाना. तुम्ही रागवा, पण आता काठावरपण बोलणार. गप्प बसून काठ गेला आपला, तसंच पाणीपण चाललं होतं." मी चिन्मयकडे बघितलं. "गावठाणाचं पाणी मी देणार नाही. खोल पाण्याचं बोलायचं असेल तर या, बसू, भांडू."

चिन्मयनं माझ्या हातातल्या फोनकडे बघितलं. तनूनंही बघितलं.

"आई," ती हळूच म्हणाली, "ती ऐकतेय."

"ऐकू दे. तिला कुणी नाही म्हणायला शिकवलंच नव्हतं." मी फोन कमरेला खोचला. "पण उद्या माझं मत बदलेलसुद्धा. ते तिला विचारून कळायचं नाही. मलाच विचारायला यायचं, होडीत बसून."

मग तनूनं सँडल घातली आणि आम्ही जाळं दोन बाजूंनी धरून घराकडे निघालो.